तुटलेल्या दुव्याच्या जागी: ‘ब्रोकन लिंक बिल्डिंग’ची पद्धत आणि तिच्या मर्यादा

संकेतस्थळावरील एखादा दुवा वाचकाला जिथे नेण्याचे आश्वासन देतो तिथे तो पोहोचवत नसेल, तर त्याला तुटका किंवा मृत दुवा म्हणतात. अशा वेळी पडद्यावर बहुधा ‘४०४’ हा आकडा दिसतो. मागितलेले पृष्ठ आपल्याकडे नाही, असे सर्व्हर त्यातून कळवत असतो. इतरांच्या संकेतस्थळांवरील असे दुवे शोधायचे, हरवलेल्या मजकुराची उणीव भरून काढणारे पृष्ठ आपल्याकडे सिद्ध करायचे आणि जुन्या दुव्याच्या जागी ते द्यावे अशी विनंती तेथील संपादकाला करायची, या पद्धतीला ‘ब्रोकन लिंक बिल्डिंग’ असे नाव आहे. शोधयंत्रांच्या निकालांत आपले संकेतस्थळ वर यावे, हा तिचा उद्देश.

परदेशात स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या मराठी लेखापालांना, स्थलांतराच्या कायद्याचे काम पाहणाऱ्या वकिलांना, दंतवैद्यांना किंवा प्रवास संयोजकांना विपणन सल्लागारांकडून या पद्धतीची शिफारस हमखास होते. शिफारस मुळात चुकीची नाही. मात्र ती अमलात येते तेव्हा तिचे रूप बहुधा शेकडो लोकांना एकाच मजकुराची पत्रे धाडण्याचे असते, आणि त्यातून दुवे क्वचित मिळतात. व्यावसायिकाचे नाव मात्र नको त्या यादीत जाते. ही पद्धत फळते ती दुरुस्ती म्हणून केली तर. समोरच्याच्या पृष्ठावर खरोखर काही मोडलेले असावे आणि आपल्याकडे ते सांधण्याजोगे काही असावे, या दोन अटी पुऱ्या होत नसतील तर तिच्या वाटेला न जाणे बरे.

दुव्याला वजन कशामुळे आले

स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली आपल्या शोधयंत्राची रचना निबंधरूपाने मांडली. विद्वानांच्या लेखनात एखाद्या ग्रंथाचा संदर्भ जितक्या वेळा येतो आणि ज्यांच्या लेखनात येतो त्यावरून त्याचे महत्त्व ठरते, हाच न्याय त्यांनी आंतरजालाला लावला. एका पृष्ठाने दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे त्याच्या बाजूचे मत. परंतु सर्व मते सारखी नव्हेत. ज्याला स्वतःला पुष्कळ वजनदार दुवे मिळाले आहेत, त्याचे मत अधिक मोलाचे. ‘पेजरँक’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या गणितावर गूगलचा प्रारंभीचा लौकिक उभा राहिला.

आज क्रमवारी ठरवताना इतर असंख्य बाबी पाहिल्या जातात, आणि दुव्यांचे महत्त्व पूर्वीइतके उरलेले नाही असे गूगलच्या प्रतिनिधींनी जाहीरपणे सांगितले आहे. तरीही नव्या किंवा लहान संकेतस्थळाची ओळख शोधयंत्राला पटवण्यासाठी, विषयाशी संबंधित आणि विश्वासार्ह ठिकाणाहून आलेला दुवा उपयोगी पडतो. येथे ‘विषयाशी संबंधित’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाच्या माहितीपृष्ठावरून करसल्लागाराला मिळालेला एक दुवा आणि कोणालाही जागा देणाऱ्या सूचीतले शंभर दुवे यांत निवड करायची वेळ आली, तर पहिला पर्याय निःशंकपणे निवडावा.

पडझड केवढी आहे

अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पृष्ठांपैकी ३८ टक्के पृष्ठे दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. इंग्रजी विकिपीडियाच्या ५४ टक्के लेखांच्या संदर्भसूचीत किमान एक मृत दुवा होता. हार्वर्ड विधी महाविद्यालयाच्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या लेखांतील दुवे तपासले, तेव्हा विशिष्ट पृष्ठांकडे नेणाऱ्या दुव्यांपैकी चतुर्थांश दुवे निकामी निघाले. १९९८ सालच्या लेखांत हे प्रमाण ७२ टक्के होते.

कारणे नेहमीचीच आहेत. डोमेनचे नूतनीकरण राहून जाते, संस्था विसर्जित होते, संकेतस्थळाची पुनर्रचना होते आणि जुने पत्ते नव्या पत्त्यांना जोडण्याचे काम कोणीच हाती घेत नाही. कधी यजमानच दुकान बंद करतो: जिओसिटीजची अमेरिकेतील सेवा २००९ मध्ये बंद झाली, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. मनात आणले तर ही पडझड टाळता येते, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये तेथील सरकारने ‘डायरेक्टगव्ह’ आणि ‘बिझनेस लिंक’ ही दोन संकेतस्थळे बंद करून ‘गव्ह डॉट यूके’ सुरू केले, तेव्हा जुने पत्ते नव्या पत्त्यांकडे वळवणे हा त्या प्रकल्पातील कामाचाच एक भाग होता.

अनिवासी भारतीयांच्या बाबतीत एक जादा कारण येऊन मिळते: त्यांच्या नित्याच्या सरकारी कामांची ठिकाणेच बदलत राहतात. अमेरिकेतील भारतीय पारपत्र आणि व्हिसा यांचे अर्ज स्वीकारण्याचे काम २०१४ पासून कॉक्स अँड किंग्ज ग्लोबल सर्व्हिसेस या कंपनीकडे होते. नोव्हेंबर २०२० पासून ते व्हीएफएस ग्लोबलकडे गेले. पीआयओ कार्डाची योजना ९ जानेवारी २०१५ पासून ओसीआय योजनेत विलीन झाली. विद्यापीठे, महाराष्ट्र मंडळे आणि वकिलांची कार्यालये यांच्या ‘उपयुक्त दुवे’ पृष्ठांवर जुन्या व्यवस्थेचे पत्ते राहून गेलेले असतात. असा दुवा तांत्रिकदृष्ट्या उघडला, तरी कामाचा नसतो.

याच उदाहरणातून या पद्धतीची नैतिक कसोटीही कळते. पारपत्राच्या जुन्या दुव्याची खरी दुरुस्ती म्हणजे वकिलातीचा किंवा व्हीएफएसचा आजचा पत्ता. एखाद्या खाजगी सल्लागाराचे पृष्ठ नव्हे. परदेशी नागरिकत्व घेतल्यावर भारतीय पारपत्र परत करावे लागते. ते केव्हा आणि कसे, हे समजावून सांगणारे पृष्ठ आपल्याकडे असेल, तर अधिकृत पत्ता आधी सांगून मग पूरक वाचन म्हणून ते सुचवावे. अधिकृत पत्ता दडवून आपला पुढे करणे ही दुरुस्ती म्हणता येणार नाही.

काम कसे करावे

समजा, न्यू जर्सीत लेखापालाचा व्यवसाय करणाऱ्या एका मराठी व्यक्तीचा भर भारतात खाती असलेल्या अमेरिकी करदात्यांवर आहे. वर्षभरात कधीही परदेशी खात्यांतील एकत्रित रक्कम दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर त्याची माहिती कोषागार विभागाच्या ‘फिनसेन’ या शाखेला द्यावी लागते. या विवरणाला ‘एफबार’ म्हणतात. हा विषय अनिवासी भारतीयांच्या जिव्हाळ्याचा, त्यावर पूर्वी अनेकांनी लिहिलेले आणि त्यातले बरेच आता जाग्यावर नसलेले; म्हणजे आपल्या कामाला योग्य.

पहिला शोध दुवे देणाऱ्या पृष्ठांचा घ्यावा. विषयाचे नाव आणि ‘रिसोर्सेस’ किंवा ‘युजफुल लिंक्स’ हे इंग्रजी शब्द जोडून शोधल्यास अशी पृष्ठे समोर येतात. ती हाताने तपासण्याची गरज नाही. ‘चेक माय लिंक्स’सारखे ब्राउझरमधील उपांग एका पृष्ठावरचे सारे दुवे तपासून निकामी दुवे वेगळ्या रंगात दाखवते. संपूर्ण संकेतस्थळ तपासायचे असल्यास ‘स्क्रीमिंग फ्रॉग’ ही प्रणाली आहे. ५०० पत्त्यांपर्यंत ती विनामूल्य वापरता येते. विकिपीडियाचा उपयोग निराळा. तेथील बाहेरच्या दुव्यांना २००७ पासून ‘नोफॉलो’ ही खूण लावलेली असते, म्हणजे त्यांच्याकडून क्रमवारीत थेट लाभाची अपेक्षा ठेवू नये. शिवाय स्वतःच्या व्यवसायाचा दुवा तेथे स्वतःच घालणे हितसंबंधांच्या नियमात बसत नाही. मात्र मृत दुवा अशी नोंद झालेले तेथील संदर्भ कोणती चांगली पृष्ठे नाहीशी झाली आहेत हे दाखवतात, आणि तोच पुढच्या शोधाचा आरंभ ठरतो.

मृत पत्ता हाती आल्यावर तो खरोखर मृत आहे का, हे पाहावे. ‘४०४’ म्हणजे पृष्ठ सापडले नाही, ‘४१०’ म्हणजे ते जाणूनबुजून काढले. पाचशेच्या मालिकेतले आकडे मात्र सर्व्हरची तात्पुरती अडचण सुचवतात, तेव्हा चार दिवसांनी पुन्हा तपासणे शहाणपणाचे. काही पत्ते वरकरणी जिवंत असतात आणि तपासणीच्या साधनांना फसवतात. पृष्ठ नसताना सर्व्हर सारे ठीक असल्याचा ‘२००’ हा आकडा देतो, किंवा मुदत संपलेले डोमेन दुसऱ्या कोणी घेऊन तेथे जाहिराती मांडलेल्या असतात. हा शेवटचा प्रकार संपादकाच्या नजरेस आणून देण्यासारखा आहे, कारण त्याचे वाचक त्याच्याच भरवशावर तेथे जात असतात.

मराठी संकेतस्थळांवर याशिवाय एक खास प्रकार आढळतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टांच्या स्वतंत्र सांकेतिकीत लिहिला जाई. तो फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसेल तर पृष्ठ उघडते, पण दिसतात ती अर्थहीन रोमन अक्षरे. कोणतेही साधन याला तुटका दुवा म्हणणार नाही. वाचकाच्या दृष्टीने तो तुटलेलाच आहे. अशा मजकुराच्या लेखकाची परवानगी मिळवून त्याची युनिकोड आवृत्ती प्रसिद्ध करणे हे अतिशय उपयुक्त काम आहे, आणि त्यात स्पर्धा जवळजवळ नाही.

यानंतर इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये जुन्या पृष्ठाची प्रत शोधावी. २००१ पासून सर्वांना खुल्या असलेल्या या संग्रहात नाहीशा झालेल्या पृष्ठांच्या तारीखवार प्रती पाहता येतात. संपादकाने तो दुवा कशासाठी दिला होता, हे त्या प्रतीवरून कळते आणि आपले पृष्ठ नेमके तेच काम करणारे हवे. या टप्प्यावर घाई होते. ‘एफबार’वरील २०१२ सालचे पृष्ठ सापडले, तर त्यात मुदत ३० जून दिलेली असेल आणि विवरणपत्राचा जुना क्रमांक असेल. २०१३ पासून हे विवरण ‘फिनसेन ११४’ या नावाने संगणकीय पद्धतीनेच भरावे लागते, आणि २०१६ च्या वर्षापासून त्याची मुदत १५ एप्रिल झाली असून १५ ऑक्टोबरपर्यंतची वाढ आपोआप मिळते. जुना मजकूर उचलून तसाच छापणारा व्यावसायिक आपल्या वाचकाला दंडाच्या तोंडी देतो. त्यात भर म्हणजे स्वामित्वहक्काचा भंग होतो; पृष्ठ बंद पडले म्हणून लेखकाचा त्यावरील हक्क संपत नाही. विषय घ्यावा, त्याची व्याप्ती ध्यानात घ्यावी, आणि लेखन स्वतःचे, आजच्या नियमांवर आधारलेले करावे. जुन्या पृष्ठात नसलेली भर घालता आली तर उत्तम. भारतीय म्युच्युअल फंडांना अमेरिकी करकायद्यात ‘पीफिक’ म्हणून वेगळी वागणूक आहे आणि त्यांच्यासाठी ‘८६२१’ हा स्वतंत्र नमुना आहे, हे अनेक करदात्यांना ठाऊक नसते. लेखापालाच्या पृष्ठावर ते आले तर संपादकाला दुवा देण्याचे ठोस कारण मिळते.

श्रम कुठे घालायचे हे ठरवण्यासाठी आणखी एक पाहणी करावी लागते: त्या मृत पृष्ठाकडे आणखी किती संकेतस्थळे अजून बोट दाखवत आहेत? एहरेफ्स, सेमरश, मॅजेस्टिक यांसारख्या सशुल्क सेवांच्या सूचींतून हे कळते. दुवे देणारी पृष्ठे सांभाळली जातात का, हेही पाहावे. ज्या पृष्ठाला आठ वर्षांत कोणी हात लावलेला नाही, त्याच्या संपादकाकडून उत्तराची आशा थोडीच.

पत्र

संकेतस्थळे सांभाळणाऱ्यांना अशी पत्रे इतकी येतात की पहिल्या वाक्यावरूनच ती ओळखली जातात. कौतुकाचा खोटा परिच्छेद, विषयाशी न जुळणारी सूचना आणि तीन दिवसांनी आलेली स्मरणपत्रे, ही त्यांची लक्षणे. बहुतेकांना उत्तर मिळत नाही. मिळू नये अशीच ती असतात. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यवाहांना लिहायचे असेल, तर पत्र साधारण असे असावे:

‘सप्रेम नमस्कार. आपल्या मंडळाच्या “नवागतांसाठी माहिती” या पृष्ठावरील परदेशी बँक खात्यांविषयीचा तिसरा दुवा उघडत नाही. मूळ संकेतस्थळ बंद झालेले दिसते. त्या पृष्ठाची २०१२ सालची प्रत इंटरनेट आर्काइव्हमध्ये आहे, परंतु तिच्यातील ३० जून ही मुदत आता लागू नाही. अधिकृत माहिती फिनसेनच्या संकेतस्थळावर मिळेल. याच विषयावर मी लिहिलेले आणि यंदाच्या नियमांशी ताडून पाहिलेले पृष्ठ सोबत देत आहे. योग्य वाटल्यास त्याचाही विचार व्हावा. मी व्यवसायाने लेखापाल असून ते पृष्ठ माझ्या व्यवसायाच्या संकेतस्थळावर आहे. कळावे.’

दुवा नेमका कुठे आहे हे त्यात सांगितलेले आहे, आपला हितसंबंध झाकलेला नाही, आणि आपली सूचना अमान्य झाली तरी कार्यवाहांच्या हाती दुरुस्तीचे साधन राहते. दुव्यासाठी कोणते शब्द वापरावेत, हे सुचवण्याचा मोह टाळावा. स्मरणपत्र फार तर एक, तेही पंधरवड्यानंतर. मंडळाची समिती बदलत असते, तेव्हा पत्र माजी पदाधिकाऱ्याकडे जात नाही ना, हे आधी पाहून घेतलेले बरे.

कायद्याचे भानही हवे. अमेरिकेत २००३ च्या ‘कॅन-स्पॅम’ कायद्याखाली व्यापारी ई-पत्रात पाठवणाऱ्याचा खरा टपाली पत्ता आणि पुढील पत्रे थांबवण्याची सोय आवश्यक असते. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये व्यक्तीच्या नावाचा ई-पत्ता ही वैयक्तिक माहिती मानली जाते. अशा पत्त्यांच्या याद्या जमवून साठवणे म्हणजे विदासंरक्षण कायद्याच्या कक्षेत येणे होय. विकत घेतलेली यादी वापरणाऱ्या सल्लागाराला काम देण्यापूर्वी हे त्याला विचारावे, कारण पत्र ज्याच्या नावाने जाते तोही या जबाबदारीतून सहजी सुटत नाही.

गूगलची मर्यादारेषा

मृत दुव्याच्या जागी उपयुक्त पृष्ठ सुचवणे गूगलच्या नियमांविरुद्ध नाही. संपादक स्वतःच्या निर्णयाने दुवा देतो तोवर प्रश्न येत नाही. पैसे देऊन दुवा मिळवला, ‘तुम्ही मला द्या, मी तुम्हाला देतो’ असा घाऊक व्यवहार केला किंवा यंत्राने दुवे पेरले, की तो दुव्यांचा गैरवापर ठरतो. एप्रिल २०१२ मधील ‘पेंग्विन’ या बदलाने अशा अनेक संकेतस्थळांची क्रमवारी एकाएकी घसरली होती. दुव्याच्या बदल्यात कोणी शुल्क मागितले, तर तो दुवा जाहिरात होतो आणि त्याला २०१९ पासून उपलब्ध असलेली ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण किंवा ‘नोफॉलो’ लावणे आवश्यक असते. मग क्रमवारीसाठी त्याचा उपयोग उरत नाही.

दुसरी एक वाट अलीकडे फार सांगितली जाते: मुदत संपलेले डोमेनच विकत घ्यायचे, म्हणजे त्याला मिळालेले सारे जुने दुवे आयते पदरात पडतात. मार्च २०२४ मध्ये गूगलने जुन्या डोमेनचा केवळ क्रमवारीसाठी असा वापर करणे हा गैरप्रकार म्हणून स्पष्टपणे नोंदवला आहे. एखाद्या बंद पडलेल्या धर्मादाय संस्थेचे डोमेन घेऊन त्यावर कर्जाच्या जाहिराती मांडणे हे त्या संस्थेवर विश्वास ठेवून दुवा देणाऱ्या प्रत्येकाला फसवणे आहे. नियम नसता तरी ते गैरच ठरले असते.

आधी आपले घर

इतरांच्या पृष्ठांवरचे मृत दुवे शोधण्याआधी आपल्याच संकेतस्थळाचे हरवलेले पत्ते पाहावेत, असे सल्लागार सहसा सांगत नाहीत. त्यात त्यांना काम थोडे असते. वास्तविक सर्वांत खात्रीचा लाभ येथेच आहे: आपल्या ज्या जुन्या पृष्ठांकडे लोकांनी आपणहून दुवे दिले होते, ती पुनर्रचनेत नाहीशी झाली असतील, तर ते दुवे परत मिळवायला कोणाचीही मनधरणी करावी लागत नाही. गूगलच्या ‘सर्च कन्सोल’मध्ये न सापडलेल्या पत्त्यांची यादी मिळते. त्यांतील ज्या पृष्ठांना बाहेरून दुवे आहेत, ती ‘३०१’ या कायमस्वरूपी स्थलांतराच्या सूचनेने त्याच विषयाच्या आजच्या पृष्ठाकडे वळवावीत. सर्व जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवू नयेत. गूगल त्यांना न सापडलेलेच समजते आणि वाचकही गोंधळतो. ज्यांना पर्याय नाही, ते पत्ते ‘४०४’ राहू द्यावेत. त्यांच्यामुळे बाकीच्या संकेतस्थळाची क्रमवारी घसरत नाही. हे स्थलांतर किमान वर्षभर आणि जमल्यास कायम चालू ठेवावे.

मंडळांच्या आणि छोट्या व्यवसायांच्या बाबतीत पत्ते हरवण्याचे मूळ अनेकदा तांत्रिक नसून कारभारातले असते. डोमेन एखाद्या माजी पदाधिकाऱ्याच्या खाजगी ई-पत्त्यावर नोंदवलेले असते, नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे जाते, आणि संकेतस्थळ बंद पडल्यावरच नव्या समितीला पत्ता लागतो. ‘कॉम’, ‘ऑर्ग’ यांसारख्या डोमेनची नोंद मुदतीनंतर रद्द झाली, तरी पुढील ३० दिवस मूळ धारकाला जादा शुल्क भरून ते परत मिळवता येते. त्यानंतर ते कोणालाही घेता येते.

हाती आलेल्या दुव्यांचा परिणाम लगेच दिसत नाही. दुवा देणारे पृष्ठ शोधयंत्राने पुन्हा वाचावे लागते, आणि क्वचित भेट दिल्या जाणाऱ्या पृष्ठांना त्यासाठी कित्येक आठवडे लागू शकतात. तोवर आपले नवे पृष्ठ वर्षातून एकदा तरी, ‘एफबार’च्या बाबतीत जानेवारीत, तपासून त्यावर तारीख घालत राहावे; त्याच वेळी त्या पृष्ठावरून आपण बाहेर दिलेले दुवेही उघडून पाहावेत.